धरणात किती टीएमसी आणि किती टिबुकल्या

कल्याण–नगर महामार्गावर आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे निघालं की राजुरी लागते. इथल्या चहाच्या टपरीवर पावसाळ्यात कोणालाही विचारा, माणिकडोह किती भरलं? उत्तर टक्क्यांत मिळेल, आणि मागोमाग गेल्या वर्षी याच तारखेला किती होतं तेही मिळेल. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाचही धरणांचा हिशेब माणसं घरच्या जमाखर्चासारखा सांगतात. सांगणारच. सुमारे ३० टीएमसीच्या या साठ्यावर जुन्नर-आंबेगावपासून पार श्रीगोंदा-कर्जतपर्यंतचं पीक उभं असतं आणि आवर्तन कधी सुटणार यावर इथे निवडणुका लढवल्या जातात.

आता त्याच टपरीवर दुसरा प्रश्न टाकून पाहा. त्या पाण्यात मासे किती जातींचे आहेत? जानेवारीत येडगावच्या फुगवट्यावर किती बदकं उतरतात, आणि दहा वर्षांपूर्वी किती उतरायची? टपरी गप्प होईल. टपरीचं सोडा, सरकारदप्तरीसुद्धा पाण्याच्या पातळीची नोंद रोज होते, पाण्यात राहणाऱ्यांची होत नाही.

जुन्नरला प्राणी मोजायचं वावडं आहे असं मात्र नाही. बिबट्यांची मोजदाद इथे वर्षानुवर्षं चालू आहे. कोणत्या शिवारात दिसला, कुठल्या पिंजऱ्यात अडकला, माणिकडोहच्या निवारा केंद्रात किती आहेत, सगळं छापून येतं. विद्या अत्रेय यांनी २००० नंतरच्या दशकात इथे जो अभ्यास केला, त्यात पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवून त्यांना सोडलं जाई. पुढे तोच प्राणी पुन्हा पिंजऱ्यात आला की तो कोण, कुठून आला हे कळे. दूर नेऊन सोडलेला बिबट्या जिथे सोडला तिथेच गुण्यागोविंदाने राहत नाही, हे त्यातूनच लक्षात आलं. गंमत अशी, की या बिबट्याची गोष्टही शेवटी पाण्याचीच आहे. कालवे आले, कालव्यांनी ऊस आणला, उसाने बिबट्याला वर्षभराची दडण दिली. दडणीतल्या जनावराची नोंद ठेवली गेली, कालव्याच्या उगमाशी असलेल्या जिवांची राहून गेली. मासा माणसावर हल्ला करत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

पाण्यातलं आणि पाण्यावरचं जीवन मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एखाद्या वर्षी एकदा जाऊन आणलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. येडगावला यंदा दोन हजार पक्षी होते, या वाक्यातून काहीच निघत नाही, जोवर त्याच जागी, त्याच दिवसांत, त्याच रीतीने घेतलेले मागचे आकडे शेजारी नाहीत. म्हणून या कामात चिकाटीला हुशारीपेक्षा जास्त किंमत आहे.

पाणपक्ष्यांच्या बाबतीत ही चिकाटी थोडीफार दिसते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली भारतीय उपखंडातून सुरू झाली. दर जानेवारीत, स्थलांतर करून आलेले पक्षी हिवाळी मुक्कामाला स्थिरावलेले असताना, एकाच सुमाराला शेकडो पाणथळींवर हौशी निरीक्षक मोजणी करतात. भारतातलं संयोजन मुंबईची बीएनएचएस करते. निरीक्षकाला पगार नाही, प्रवासभत्ता नाही. मिळतो तो एक तक्ता.

तो तक्ता भरताना काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहाटे सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरायची, कारण समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी दिसतात. येडगावसारख्या जलाशयावर मध्यभागी वारकऱ्यांचा मोठा थवा असतो. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. ते एकेक करून मोजायला गेलात तर अर्ध्यावर थवा सरकतो आणि सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. म्हणून आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दुर्बिणीच्या वर्तुळात ते दहा किती जागा खातात ते डोळ्यात बसवायचं आणि तेवढाच तुकडा थव्यावर उजवीकडून डावीकडे सरकवत न्यायचा. थवा फार मोठा असेल तर दहाऐवजी शंभराचा तुकडा. सवयीच्या माणसाचाही अंदाज चुकतो, पण त्याची चूक दरवर्षी साधारण एकाच बाजूला असते. तुलना करायची असेल तर तेवढं पुरतं.

खरी फजिती टिबुकली करते. मुठीएवढा पक्षी, दिसला म्हणेपर्यंत बुडी मारतो आणि वर येतो तो भलत्याच ठिकाणी. कोणत्याही क्षणी पाण्यावर दिसणाऱ्या टिबुकल्या म्हणजे असलेल्या टिबुकल्यांपैकी काहीच. बाकीच्या पाण्याखाली. मग न दिसलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा?

त्याची युक्ती बगळ्यांवर समजायला सोपी आहे. दोन निरीक्षक एकाच काठावर, एकमेकांना न सांगता, दिसलेला प्रत्येक राखी बगळा आपापल्या नकाशावर टिंबाने दाखवतात. नंतर नकाशे जुळवतात. समजा पहिल्याला २० बगळे दिसले, दुसऱ्याला १५, आणि त्यातले १२ दोघांच्याही नकाशावर आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या १५ बगळ्यांपैकी पहिल्याने १२ टिपले होते, शंभरातले ८०. पहिल्याची नजर जर ८० टक्के बगळे पकडत असेल, तर त्याला दिसलेले २० हे एकूण २५ मधले असणार. दोघांनाही न दिसलेले दोन बगळे या हिशेबात सापडतात. ते लव्हाळ्यात कुठेतरी उभे असतील.

हीच रीत माशांसाठी डेन्मार्कच्या सी. जी. योहानेस पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात आणली. मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं आणि आलेल्यांत खुणेचे किती ते पाहायचं. खुणेचे कमी आले तर एकूण मासे भरपूर, जास्त आले तर थोडे. पण या गणिताची एक अट आहे: दोन जाळ्यांच्या मधल्या काळात कोणी आत येता कामा नये, बाहेर जाता कामा नये. कुकडीच्या धरणांत ही अट पाळायची कशी? मधेच आवर्तन सुटतं. डिंभ्याचं पाणी कालव्याने येडगावात येतं, माणिकडोहचं नदीपात्रातून येतं, येडगावातून डावा कालवा नगर जिल्ह्याकडे जातो, आणि पाण्याबरोबर मासेही जातात. घोड नदीच्या खोऱ्यात खूण केलेला मासा कुकडीच्या खोऱ्यात निघाला तर आश्चर्य वाटायला नको. पुस्तकातलं तळं बंद असतं, आपलं तळं पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालतं.

पक्ष्यांच्या मोजणीलाही हे वेळापत्रक चकवतं. जलाशय काठोकाठ भरलेला असतो तेव्हा पाणी उभ्या कडांना भिडलेलं असतं, उथळ चिखल उरत नाही. शेकाट्या आणि तुतवारांसारखे चिखलात चरणारे पक्षी दिसणार नाहीत. पातळी उतरली की गाळपेऱ्याची जमीन उघडी पडते, कडेला पायभर पाणी राहतं आणि त्याच पक्ष्यांची झुंबड उडते. म्हणजे एका वर्षी पक्षी वाढले असं वाटतं ते केवळ रब्बीचं आवर्तन लवकर सुटलं म्हणून. त्यात येडगाव वरच्या धरणांच्या पाण्यावर चालणारं. वरची उतरतात तेव्हाही इथे पाणी येत राहतं, म्हणून वरचे पक्षी इकडे सरकू शकतात. एकट्या येडगावचा आकडा पाहून आनंद मानण्यात अर्थ नाही. पाचही जलाशय एकाच सकाळी मोजावे लागतात आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशीचा पाणीसाठा लिहावा लागतो. तो मिळायला अडचण नाही, टपरीवर विचारलं तरी कळतो.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे माळशेजचे रोहित. पर्यटनाच्या कोणत्याही जाहिरातीत पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाला गुलाबी फ्लेमिंगो चिकटवलेले असतात, तेही बहुतेकदा पावसाळ्याच्या सहलीसोबत, म्हणजे दहा फुटांवरचं धुक्यात दिसत नाही त्या दिवसांत. कोणी पाहिले, कोणत्या तारखेला, किती, कुठल्या काठावर, यातलं काही नसतं. रोहित येत नाहीत असं माझं म्हणणं नाही. तारखेशिवायचा पक्षी मला मोजणीत धरता येत नाही, एवढंच.

सुदैवाने मागे जाऊन पडताळायला या मुलखात एक जुना कागद आहे, आणि तो माशांचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरत होते. जमीन, पिकं, लोकसंख्या, पाऊस, आणि सोबत पक्षी आणि मासे. भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची त्यांची वर्णनं १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली, चित्रांसह सविस्तर लेख १८४१ मध्ये आला. मुळा-मुठेतला खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, चाकणजवळ इंद्रायणीत मिळालेला नुक्ता, शिवाय कोळस, शिंगटी, मुऱ्ही. इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यांनी तशीच शास्त्रीय नावांत बसवली आणि आज जगभरचे मत्स्यतज्ज्ञ ती उच्चारतात. साइक्सनी संख्या दिली नाही, पण कोणता मासा कोणत्या नदीत सापडला ते दिलं. पावणेदोनशे वर्षांनी तेवढ्यावरसुद्धा बरंच कळतं. नुक्ता, नाकाडावर टेंगूळ असलेला तो विचित्र मासा, आज आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे. साइक्सना तो जिथे मिळाला त्या चाकणच्या आसपास आता कारखान्यांच्या रांगा आहेत.

धरणांनी माशांचं काय केलं ते सांगायला फार पांडित्य लागत नाही. पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशापुढे भिंत आली. वाहत्या, दगडगोट्यांच्या तळावर जगणाऱ्या जातींसाठी साठलेलं पाणी परकं. मग त्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडण्यात आली. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे, पण आता दख्खनच्या बाजारात तेच घरचे वाटतात. त्यात चिलापीची भर पडली. तिला कोणी निमंत्रण द्यावं लागत नाही, ती आपोआप वाढते. आफ्रिकी मांगूर पाळायला केंद्राने २००० सालीच मनाई केली, तरी छाप्यांच्या बातम्या अजून येतात.

मासा दिसत नाही, खूण करून मोजावा तर पाणी थांबत नाही. तरीही धरणातल्या माशांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारं एक साधन आयतं हाताशी आहे, ते म्हणजे मच्छीमार संस्थेची वही. आंबेगावात डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी त्याच जलाशयावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्या पाठीशी ‘शाश्वत’ ही संस्था होती, आणि तिच्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने त्यांनी जलाशयातच पिंजरे टाकून त्यात बोटुकली वाढवून पाहिली, म्हणजे बाहेरून महागडं बीज आणायला नको. लोक याकडे रोजगाराची गोष्ट म्हणून पाहतात, आणि ती तशी आहेच. मला त्यात नोंदींची शक्यता जास्त खुणावते.

कोणत्याही मच्छीमार संस्थेत माल तोलला जातो तेव्हा जात आणि किलो लिहिले जातात, कारण पैसे त्यावरच द्यायचे असतात. ही नोंद खोटी असण्याचं कारण कमी. पण नुसत्या किलोंनी फसायला होतं. यंदा माल दुप्पट आला तो मासे वाढले म्हणून, की होड्या दुप्पट झाल्या म्हणून? त्यासाठी आणखी दोन रकाने लागतात: जाळी किती टाकली आणि किती वेळ पाण्यात होती. जमलं तर जाळ्याच्या डोळ्याचं माप. मग एका जाळ्याला एका रात्री किती, हा आकडा निघतो आणि तो वर्षांमागून वर्षं ताडता येतो. समुद्रातल्या मासेमारीचं निम्मं शास्त्र याच भागाकारावर उभं आहे. दोन रकान्यांसाठी ना प्रयोगशाळा लागते ना अनुदान.

या वहीत एक भोक मात्र आहे आणि ते बुजवणं कठीण. काट्यावर जातो तो विकायचा मासा. जाळ्यात सोबत आलेले बारके मासे, मुऱ्ही, काटेरी शिंगटीची पिल्लं, झिंगे, हे तोलले जात नाहीत; ते घरी नेतात आणि त्यांचं कालवण होतं. आणि साइक्सच्या यादीतले बरेचसे मासे नेमके याच बारक्या गटातले. म्हणजे बाहेरून आणून सोडलेल्या कटल्याचा हिशेब पक्का राहतो, तर जो मूळचा इथला, तो वहीत न येता थेट चुलीवर जातो. या माशांवर लक्ष ठेवायचं असेल तर महिन्यातून एकदा कोणीतरी सांजेला टोपलीत डोकावून जाती लिहाव्या लागतील.

अलीकडे यावर एक नवा इलाज निघाला आहे. मासा, बेडूक, कासव पाण्यात असले की त्यांच्या अंगावरची चिकटी, विष्ठा, मृत पेशी पाण्यात मिसळत राहतात आणि त्यांत त्यांचा डीएनए असतो. लिटरभर पाणी गाळून तो डीएनए वाचला तर जाळं न टाकता कोण राहतं ते कळतं. फ्रान्समध्ये तळ्यांतल्या परदेशी बैलबेडकांवर हे करून दाखवल्याचा शोधनिबंध २००८ चा. पण हा इलाज ‘आहे की नाही’ सांगतो, ‘किती’ नीटसं सांगत नाही. शिवाय डीएनए पाण्याबरोबर वाहतो. येडगावच्या बाटलीत सापडलेला मासा येडगावचा की डिंभ्याहून कालव्याने आलेल्या पाण्यातला, हे बाटली सांगणार नाही. आणि वाचलेला डीएनए कोणाचा हे ओळखायला आधी प्रत्येक जातीचा नमुना कोणीतरी नीट ओळखून ठेवलेला असावा लागतो. ते जुनंच, डोळ्यांचं आणि हातांचं काम आहे, आणि ते करणारी माणसं कमी होत चालली आहेत. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. उजनीच्या पाणथळीतल्या प्राण्यांवर त्या संस्थेने २००२ मध्ये एक अख्खा खंड काढला. कुकडीचं पाणी घोडेतून भीमेला मिळून शेवटी उजनीतच जातं. खालच्या टोकाचा असा तपशील छापलेला असताना वरच्या टोकाचा नसावा, हे बरं दिसत नाही.

जगाचा मोठा आकडा वाचकांच्या कानावर आला असेल. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २०२४ च्या अहवालानुसार गोड्या पाण्यातल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या नोंदलेल्या समूहांत १९७० ते २०२० या काळात सरासरी ८५ टक्के घट झाली. समुद्र आणि जमीन यांच्यापेक्षा ही घसरण जास्त. याचा अर्थ शंभरातले ८५ प्राणी मेले असा वर्तमानपत्रांनी लावला आणि तो चूक आहे. एक उदाहरण घ्या. एका तलावावर १०० बदकं होती, ती १० उरली. दुसऱ्यावर १००० होती, ती १००० च राहिली. एकूण बदकं ११०० ची १०१० झाली, घट ८ टक्के. पण हा निर्देशांक प्रत्येक तलावाला सारखं वजन देतो. पहिला दहाव्या हिश्शावर आला, दुसरा जैसे थे. या दोन गुणोत्तरांची गुणोत्तरीय सरासरी सुमारे ०.३२ येते, म्हणजे घट ६८ टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिलं पक्षी किती गेले ते सांगतं, दुसरं समूहांची अवस्था सांगतं. एखाद्या गावचा तलाव ओस पडला, तर शेजारच्या तालुक्यात हजार बदकं आहेत याने त्या गावाचं समाधान होत नाही, म्हणून मला दुसरा हिशेब रास्त वाटतो.

फक्त त्या निर्देशांकात जायला आधी आकड्यांची मालिका लागते. जिथे कोणी मोजलंच नाही, तिथलं पाणी त्या ८५ टक्क्यांतही नाही आणि उरलेल्या १५ टक्क्यांतही नाही. भारतातल्या पक्ष्यांबाबत हे चित्र हौशी मंडळींमुळे सुधारलं आहे. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींचं मूल्यमापन झालं. मासे, कासवं, बेडूक, चतुर यांच्यासाठी अशी फौज नाही. मऊ पाठीचं लीथचं कासव १८७२ मध्ये ज्या नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झालं ते पुण्याचे होते. आज भीमेच्या खोऱ्यात ते कुठे-कुठे उरलं आहे याची नुसती ठिकाणं कोणी नोंदवली तरी मोठं काम होईल.

धरणांचं एवढं सांगितलं, पण राजुरीच्या शिवारातलं पाणी धरणात नाही. ते पाझर तलावात, ओढ्यावरच्या बंधाऱ्यात, विहिरीत आणि अलीकडे प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्यांत आहे. पूर्व जुन्नरच्या या कोरड्या पट्ट्यात शेततळी भराभर वाढली. पाणपक्ष्याच्या नजरेने ती तलावाची जागा घेतात का? अस्तराच्या काठाला चिखल नाही, लव्हाळं नाही, म्हणून शेकाट्याला चरायला काही नाही. बाजू गुळगुळीत, पडलेला प्राणी बाहेर येऊ शकत नाही. टिबुकली मात्र अशा तळ्यावरही उतरलेली दिसते. ती तिथे पिल्लं काढते का, की पाझर तलाव आटला की तेवढ्यापुरती येते? याचं उत्तर एखाद्या शाळेच्या आठवीच्या वर्गाला दोन-तीन वर्षांत काढता येईल. एक पाझर तलाव, पाच शेततळी, महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या दगडावर बसून अर्धा तास. वहीत तारीख, वेळ, पाणी किती, पक्षी किती. टिबुकली दिसली नाही तर तिचा रकाना मोकळा सोडायचा नाही, तिथे शून्य लिहायचं. कारण पुढे ही वही वाचणारा माणूस मोकळ्या रकान्याचा अर्थ त्या रविवारी कोणी गेलंच नाही, असाच घेणार.